विरोधाची जोखीम : एस. एम. जोशी यांची राजकीय कारकीर्द

पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात ६ फेब्रुवारी १९५६ रोजी केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली जी सर्वपक्षीय परिषद भरली आणि जिच्यातून संयुक्त महाराष्ट्र समितीचा जन्म झाला, त्या परिषदेत कम्युनिस्ट होते आणि हिंदुमहासभेचेही लोक होते, बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे प्रतिनिधी होते, शेतकरी कामगार पक्षाचे ग्रामीण पुढारी होते आणि प्रजासमाजवादीही होते. म्हणजे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ज्यांचा एकमेकांशी विटाळ होता अशी सारी मंडळी मुंबईतील गोळीबारांच्या आघाताने एका छपराखाली आली होती. समितीचे अध्यक्षपद श्रीपाद अमृत डांगे यांच्याकडे आणि उपाध्यक्षपद डॉ. त्र्यं. रा. नरवणे यांच्याकडे गेले. ज्याच्या हाती दप्तर असते, ज्याला रोजचा पत्रव्यवहार, रोजचे रुसवेफुगवे आणि रोजचा हिशेब पाहावा लागतो, ते चिटणिसाचे पद मात्र श्रीधर महादेव जोशी यांच्याकडे सोपविण्यात आले. या निवडीला कोणत्याही घटकपक्षाने हरकत घेतल्याचे दिसत नाही, आणि त्या काळची पक्षांपक्षांतील वैरे ज्याने जवळून पाहिली आहेत त्यालाच या एकमताचे मोल उमजेल.

विरोधी पुढाऱ्यांचा इतिहास आपण बहुधा त्यांच्या भाषणांवरून, तुरुंगवासाच्या वर्षांवरून आणि त्यांनी सरकारला दिलेल्या धक्क्यांवरून लिहीत आलो आहोत. तो तसा लिहिणे सोपे असते, कारण भाषणे छापील मिळतात आणि तुरुंगाच्या तारखा सरकारदप्तरी नमूद असतात. परंतु लोकांचा क्षोभ जागा करणे हे विरोधी पुढाऱ्याचे अर्धेच काम होय. जागा झालेला क्षोभ आपल्याच स्वाधीन केलेली ठेव आहे असे मानून तिचा अपव्यय होऊ न देणे, आणि तो झाला तर त्याचा दोष आपल्या माथी घेणे, हे उरलेले अर्धे काम फार थोड्यांनी केले. एस. एम. यांची कारकीर्द मी या दुसऱ्या अर्ध्या कामाचा इतिहास म्हणून वाचतो. पक्ष चालविण्यात ते वारंवार अपयशी ठरले आणि मोर्चे बांधण्यात वारंवार यशस्वी झाले, याचे कारणही मला याच ठिकाणी सापडते.

१२ नोव्हेंबर १९०४ रोजी जुन्नर येथे त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे रत्नागिरीजवळच्या गोळप गावचे, म्हणजे कोकणातून घाटावर पोटासाठी चढलेल्या असंख्य ब्राह्मण कुटुंबांपैकीच एक. वडिलांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे शिक्षण ओढाताणीत झाले. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल आणि पुढे फर्ग्युसन कॉलेज या दोन संस्थांतून ते बाहेर पडले तेव्हा नारायण गणेश तथा नानासाहेब गोरे यांच्यासारखा जन्माचा स्नेही आणि युवक चळवळीची दीक्षा या दोन गोष्टी त्यांच्या पदरी होत्या. सायमन कमिशनवरील बहिष्काराने पेटलेल्या त्या पिढीत इंग्रज सरकारशी झगडण्याची उमेद बाळगणारे तरुण पुष्कळ होते. स्वतःच्या आळीशी, स्वतःच्या जातीशी झगडण्याची तयारी असणारे त्या मानाने विरळ.

म्हणूनच १९२९ साली ऑक्टोबरात सुरू झालेला पर्वतीचा सत्याग्रह मला त्यांच्या राजकारणाचा खरा आरंभ वाटतो. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदी अस्पृश्य समाजाच्या पुढाऱ्यांनी पेशव्यांच्या त्या देवस्थानात प्रवेश मिळावा म्हणून हा लढा मांडला, आणि पुण्यातील जे मूठभर सवर्ण तरुण त्यांच्या बरोबरीने टेकडीच्या पायऱ्या चढले, त्यांत एस. एम. आणि नानासाहेब गोरे होते. सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला, आणि तो करणारे हात परक्या राजसत्तेचे नव्हते, शेजारीपाजारी राहणाऱ्या, सणावारी एका पंक्तीस बसणाऱ्या माणसांचे होते. सरकारविरुद्ध उभे राहणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात. लोकांविरुद्ध उभे राहणाऱ्याला डोक्यावर घ्यायला कोणी नसते. वयाच्या पंचविशीत हा धडा ज्याला मिळाला, त्याला पुढे लक्षावधींचा जयघोष ऐकतानाही जयघोषाची भूल पडली नाही.

सविनय कायदेभंगाच्या चळवळीत नाशिकच्या तुरुंगात जी मंडळी एकत्र आली, त्यांत जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, गोरे आणि एस. एम. ही नावे होती, आणि त्या तुरुंगातील चर्चांमधूनच १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उदयास आला. हा पक्ष काँग्रेसच्या पोटातला विरोधी पक्ष होता: शिस्त काँग्रेसची, निष्ठा स्वातंत्र्याची आणि शेतकरी-कामगारांच्या प्रश्नावर मात्र ज्येष्ठांशी उघड मतभेद. वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांना नकार देण्याची ही रीत एस. एम. यांच्या अंगी इतकी मुरली की पुढे यशवंतराव चव्हाणांपासून पंडित नेहरूंपर्यंत ज्यांच्याशी ते लढले, त्यांच्यापैकी कोणाविषयीही त्यांच्या बोलण्यात व्यक्तिगत द्वेष शिरला नाही. १९४१ च्या जूनमध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली तेव्हा ते दलप्रमुख झाले. जातपात न मानणाऱ्या मुलामुलींना एका मैदानावर आणणाऱ्या त्या शाखांमधून महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला दोन पिढ्या पुरतील इतके कार्यकर्ते, शिक्षक आणि कलावंत मिळाले. पुढच्याच वर्षी ‘चले जाव’ची हाक आली आणि एस. एम. भूमिगत झाले. दाढी राखून, मौलवीचा वेष करून, इमाम अली या नावाने ते मुंबईत वावरले आणि १९४३ मध्ये पकडले गेले. या वेषांतराची कथा महाराष्ट्राने मोठ्या आवडीने सांगितली आहे. तिची पुनरुक्ती येथे करीत नाही.

स्वातंत्र्य मिळाल्यावर सत्ताधारी पक्षात राहून आपला वाटा मागणे समाजवाद्यांना अशक्य नव्हते. तरीही १९४८ च्या मार्चमध्ये नाशिकच्या अधिवेशनात त्यांनी काँग्रेस सोडण्याचा ठराव केला. संयुक्त प्रांतात आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विधिमंडळातील जागांचे राजीनामेही दिले, कारण त्या जागा काँग्रेसच्या तिकिटावर मिळालेल्या होत्या. पोटनिवडणुकीत आचार्यांचा पराभव झाला. पक्ष बदलला तर मतदारांची सनद नव्याने घ्यावी, हा दंडक ज्या पक्षाने आपल्या जन्माच्या घटकेस स्वतःला लावून घेतला त्याच्या हाती सत्ता लवकर येणार नव्हती हे उघड आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला देशात दहा टक्क्यांहून थोडी अधिक मते पडली आणि लोकसभेच्या जागा मिळाल्या अवघ्या १२. त्याच वर्षी आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी संयोग होऊन प्रजासमाजवादी पक्ष झाला. आणि दोन वर्षे होतात न होतात तोच, त्रावणकोर-कोचीनमध्ये या नव्या पक्षाचेच पट्टम थाणू पिळ्ळै मुख्यमंत्री असताना तेथील पोलिसांनी तमिळ आंदोलकांवर गोळीबार केला.

या गोळीबाराने समाजवाद्यांपुढे जो प्रश्न टाकला तो भारतीय विरोधी पक्षांच्या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रश्नांपैकी एक आहे. आयुष्यभर लाठी खाणाऱ्यांच्या हाती लाठी आली तर तिचे काय करायचे? पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया यांनी मंत्रिमंडळाने राजीनामा द्यावा अशी मागणी केली; पक्षाने ती मानली नाही. कटुता वाढत गेली, मधु लिमये यांना पक्षातून काढण्यात आले, लोहियांनी १९५५ च्या अखेरीस निराळा समाजवादी पक्ष स्थापिला. एस. एम. प्रजासमाजवादी पक्षातच राहिले. तत्त्वाची बाजू लोहियांकडे अधिक होती असे माझे मत आहे. परंतु पक्ष मोडण्याने ते तत्त्व अधिक सुरक्षित झाले असे इतिहास दाखवीत नाही.

पक्ष असा दुभंगत असतानाच महाराष्ट्रात दुसरे वादळ जमत होते. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाचा अहवाल १९५५ च्या शरदात प्रसिद्ध झाला. त्यात मराठी भाषकांचे एक राज्य मिळण्याऐवजी विदर्भ वेगळा आणि उरलेला मराठी मुलूख गुजरातशी जोडलेला, अशी वाटणी सुचविली होती. पुढे मुंबई शहरच वेगळे काढण्याच्या योजना निघाल्या. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधानसभेकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनच्या परिसरात गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित होणार असे पंतप्रधानांनी नभोवाणीवरून जाहीर करताच गिरणगावापासून गिरगावापर्यंतचे रस्ते पुन्हा रक्ताने भिजले. त्या महिन्यात चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा त्याग करण्याचा आपला निर्णय जाहीर केला. हुतात्म्यांची संख्या शंभरीपार गेली. त्यांत गिरणीकामगार होते, फेरीवाले होते, शाळकरी पोरे होती.

अशा वेळी समिती स्थापन झाली हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या चिटणिसापुढील काम केवढे अवघड होते याची कल्पना येईल. सूडाची भाषा बोलणाऱ्याला त्या दिवसांत टाळ्या मिळविण्यासाठी मुळीच श्रम करावे लागत नव्हते. मुंबईत गुजराती व्यापाऱ्यांची घरे आणि दुकाने शेजारीच होती, आणि मोरारजी देसाई यांच्या सरकारावरील राग गुजराती भाषकांवर वळविणे हा अत्यंत सोपा मार्ग होता. लढा सरकारशी आहे, गुजराती माणसाशी नाही, हे एस. एम. सभांमागून सभांतून बजावीत राहिले. आचार्य अत्रे यांची तोफ आणि डांगे यांचा युक्तिवाद यांच्या जोडीला त्यांचे साधे, काहीसे घरगुती बोलणे व्यासपीठावर फिके पडेल असे एखाद्याला वाटले असते. प्रत्यक्षात ती तिन्ही बोलणी एकमेकांना पुरून उरली. अत्र्यांनी लोकांना पेटविले, डांग्यांनी त्यांना पटविले, आणि या माणसाचा शब्द मोडू नये असे लोकांना एस. एम. यांच्याविषयी वाटले.

१९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा जो पराभव केला तो अभूतपूर्व होता. डांगे मुंबईतून, नानासाहेब गोरे पुण्यातून, क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून, दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि नाथ पै राजापुरातून लोकसभेवर गेले. अत्रे आणि एस. एम. विधानसभेत बसले. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात यांच्या बळावर मराठी-गुजराती मुलुखांच्या द्वैभाषिक मुंबई राज्याची सत्ता काँग्रेसकडे आणि मुख्यमंत्रिपद यशवंतराव चव्हाणांकडे राहिले, तरी जेथे मुख्यमंत्र्यांचे घर होते त्याच मुलुखाने त्यांच्या पक्षाला नाकारले होते. मुंबईच्या महापालिकेतही समितीचे बहुमत येऊन मो. वा. दोंदे महापौर झाले. एवढ्या यशानंतर जमावावर लगाम ठेवणे हे यशाआधीच्या काळापेक्षा कठीण असते, आणि याच कसोटीचा प्रसंग त्या वर्षाच्या अखेरीस आला.

प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते व्हावयाचे ठरले होते. ज्या पंतप्रधानांनी मुंबई महाराष्ट्राला नाकारली आणि ज्यांच्या पूर्वीच्या एका ग्रंथातील शिवाजीमहाराजांविषयीच्या मजकुराचा सल मराठी मनात होता (तो मजकूर त्यांनी पुढे सुधारला होता, हेही नमूद केले पाहिजे), त्यांनी प्रतापगडावर यावे ही गोष्ट समितीला मूकपणे पाहणे शक्य नव्हते. निदर्शने करण्याचा निर्णय झाला. आता याचा भूगोल पाहा. वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो. रस्ता अरुंद, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. वर पाचगणी, महाबळेश्वर, आणि तेथून पुन्हा जावळीच्या रानातून गडाकडे उतरणारी वाट. अशा वाटेवर देशाच्या पंतप्रधानांची गाडी जाणार, दुतर्फा काळी निशाणे घेतलेले हजारो लोक उभे राहणार, त्या लोकांत अवघ्या दोन वर्षांपूर्वी गोळीबारात आपली माणसे गमावलेले मुंबईकरही असणार. एखादा दगड सुटला, एखाद्या शिपायाचा तोल गेला, तर काय झाले असते याचा विचार आजही मन अस्वस्थ करतो. विरोध करण्याचा हक्क आणि पाहुण्याच्या जिवाची हमी या दोन गोष्टी एकाच वेळी पाळावयाच्या होत्या, आणि पहिली समितीची तर दुसरी केवळ सरकारची असे एस. एम. यांनी मानले नाही.

सरकारने बंदोबस्त चोख ठेवलाच. परंतु त्या दिवशी घाटात शांतता राहिली ती मुख्यतः निदर्शकांनी स्वतःवर घातलेल्या बंधनामुळे. घोषणांनी दरी दुमदुमली, काळी निशाणे फडकली, पंतप्रधानांना महाराष्ट्राचे मन काय आहे ते डोळ्यांनी दिसले, आणि कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. द्वैभाषिकाविषयी दिल्लीच्या मनात फेरविचाराचे बीज या दिवशी पडले असे पुष्कळांनी मानले आहे. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते असे की चव्हाण आणि एस. एम. हे दोन प्रतिस्पर्धी त्या दिवशी परस्परांच्या शब्दावर विसंबले. एकाने निदर्शने बळाने मोडली नाहीत, दुसऱ्याने त्या सवलतीचा गैरवापर होऊ दिला नाही. सत्ता आणि विरोध यांच्यामध्ये असा अलिखित तहनामा असल्याशिवाय लोकशाहीचा गाडा चालत नाही, आणि महाराष्ट्रात त्या काळी तो होता याचे श्रेय दोघांनाही दिले पाहिजे.

समितीच्या अंतर्गत कारभारात मात्र याहूनही चिवट कसरत चालू होती. १९५६ च्या अखेरीस हंगेरीत रशियन रणगाडे शिरले तेव्हा समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात देशभर वाग्युद्ध पेटले. जनसंघ काही काळ बरोबर राहून दूर झाला. १९५९ मध्ये तर परिस्थिती अशी झाली की केरळात नंबुद्रिपाद यांचे कम्युनिस्ट सरकार खाली खेचण्याच्या आंदोलनात प्रजासमाजवादी पक्ष अग्रभागी होता, आणि मुंबईत त्याच पक्षाचे पुढारी कम्युनिस्टांच्या मांडीला मांडी लावून बसत होते. त्याच वर्षी सीमेवर चीनच्या हालचाली उघड झाल्या आणि कम्युनिस्टांच्या भूमिकेने सहकारी पक्षांना तोंड दाखविणे कठीण केले. दिल्लीहून पक्षाची श्रेष्ठ मंडळी, इकडे महाराष्ट्रातील सहकारी, आणि मधे चिटणीस. अशा ओढाताणीत संयुक्त महाराष्ट्र हाती येईपर्यंत मोट फुटू न देणे हे एस. एम. यांचे सर्वांत मोठे राजकीय कर्तृत्व होय, आणि त्याची एकही चित्रफीत किंवा पोवाडा होण्याजोगा नाही, कारण ते सारे बैठकांच्या खोल्यांतून घडले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. बेळगाव, कारवार, निपाणीचा सीमाभाग बाहेर राहिला, आणि तेवढ्यासाठी तरी समिती टिकावी असे डांगे आदिकरून पुष्कळांचे म्हणणे होते. प्रजासमाजवादी पक्ष बाहेर पडला. ज्या कार्यासाठी एकत्र आलो ते पार पडल्यावर परस्परविरोधी पक्षांनी एकाच झेंड्याखाली मते मागणे हे मतदारांशी प्रामाणिकपणाचे नव्हे, हा युक्तिवाद सचोटीचा होता यात शंका नाही. पण त्याचे फळ काय आले? १९६२ च्या निवडणुकीत २६४ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला २१५ जागा मिळाल्या. शेतकरी कामगार पक्षाला १५, प्रजासमाजवाद्यांना ९, कम्युनिस्टांना ६. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी पश्चिम महाराष्ट्र जिंकला होता त्यांचे असे पानिपत झाले, आणि विरोधी पक्षनेतेपद शेतकरी कामगार पक्षाच्या कृष्णराव धुळप यांच्याकडे गेले. भाषेच्या प्रश्नावर एकवटलेली शक्ती शेतसारा, कूळकायदा, गिरणीकामगाराची घरे या प्रश्नांवर वळविण्याची संधी समितीला होती; ती तिने घेतली नाही, आणि या चुकीचा वाटा एस. एम. यांच्याही पदरी घालावा लागतो. साखर कारखाने, जिल्हा परिषदा आणि सहकारी बँका यांच्या जाळ्यातून चव्हाणांनी ग्रामीण पुढाऱ्यांना जे नवे क्षेत्र खुले करून दिले, त्याला तोड देणारे काहीच विरोधकांजवळ नव्हते.

विधिमंडळाबाहेर त्यांचे एक मोठे कार्यक्षेत्र होते, आणि त्याचा उल्लेख चरित्रकार ओझरताच करतात. खडकी, देहूरोड यांसारख्या ठिकाणच्या दारूगोळा कारखान्यांत आणि लष्करी आगारांत काम करणाऱ्या मुलकी कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचे ते पुढारी होते. दुसऱ्या वेतन आयोगाने केंद्रीय नोकरांची निराशा केली, महागाईच्या प्रमाणात भत्ता मिळावा ही मागणी सरकारने फेटाळली, आणि महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीला अडीच महिनेही झाले नव्हते तोच, जुलै १९६०मध्ये, देशव्यापी संप झाला. रेल्वेच्या बाजूने गोव्याचे पीटर अल्वारिस, टपाल-तार व इतर खात्यांच्या बाजूने नाथ पै आणि संरक्षण खात्याच्या बाजूने एस. एम., असे तीन समाजवादी त्या संपाच्या अग्रभागी होते. सरकारने वटहुकूम काढून संप बेकायदा ठरविला आणि पाच दिवसांत तो मोडला. हजारो कामगारांच्या नोकऱ्यांवर गदा आली. पराभूत संपाचा पुढारी सहसा दिसेनासा होतो, एस. एम. पुढेही कामगारांच्या दारी जात राहिले, बडतर्फांना परत घेण्यासाठी ज्यांच्याविरुद्ध संप केला त्यांच्याच कचेऱ्यांतून अर्ज घेऊन गेले. या काळात घर चालले ते पत्नी ताराबाईंच्या नोकरीवर, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातील विरोधी राजकारणाचा फार मोठा खर्च अशा स्त्रियांनी आपल्या पगारातून भागविला आहे आणि त्याची नोंद कोणत्याही पक्षाच्या जमाखर्चात नाही.

१९६४ च्या जूनमध्ये लोहियांचा पक्ष आणि प्रजासमाजवादी पक्ष पुन्हा एकत्र येऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला, आणि दोन्ही बाजूंना विश्वासार्ह वाटणारा अध्यक्ष म्हणून एस. एम. यांची निवड झाली. हे ऐक्य आठ महिनेही टिकले नाही. वाराणसीच्या अधिवेशनात जुने प्रजासमाजवादी पुन्हा बाहेर पडले. बाहेर पडणाऱ्यांत नानासाहेब गोरे होते, आणि पुढे तेच त्या पक्षाचे अध्यक्ष झाले. म्हणजे पर्वतीच्या पायऱ्या एकत्र चढलेले, एकाच तुरुंगात एकच स्वप्न पाहिलेले दोन पुणेकर दोन प्रतिस्पर्धी समाजवादी पक्षांचे अध्यक्ष होऊन बसले. त्यांचा स्नेह तुटला नाही, ही समाधानाची गोष्ट. पण ज्यांचा स्नेह तुटत नव्हता त्यांचे पक्ष का तुटावेत, या प्रश्नाचे उत्तर त्या चळवळीने कधीच दिले नाही. १९६७ मध्ये संयुक्त समाजवादी पक्षाला लोकसभेत २३ आणि प्रजासमाजवाद्यांना १३ जागा मिळाल्या. एस. एम. पुण्यातून निवडून आले. संसदेतील त्यांची कारकीर्द या एकाच लोकसभेपुरती आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात लोहिया गेले. बिहारात काँग्रेसेतर सरकारात शिरलेल्या पक्षातून बिंदेश्वरीप्रसाद मंडल फुटून निघाले आणि काँग्रेसच्या पाठिंब्याने मुख्यमंत्री झाले. सत्तेच्या पहिल्याच स्पर्शाने पक्षाची शिवण अशी उसवली. अध्यक्षांपाशी नैतिक दरारा होता, पण अनुयायांना देण्यासारखी खुर्ची नव्हती आणि त्यांना धाक दाखविण्याची वृत्तीही नव्हती.

आणीबाणीच्या काळात विखुरलेल्या विरोधी पक्षांना एकत्र आणण्याच्या खटपटीत वृद्ध एस. एम. होते, आणि जनता पक्ष झाल्यावर त्याच्या महाराष्ट्र शाखेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षाला ९९ जागा मिळून तो सर्वांत मोठा पक्ष झाला; रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ मिळाल्या, आणि त्या दोघांनी मिळून वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ बनविले. जुलैमध्ये शरद पवार आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार १८ जुलै रोजी अधिकारारूढ झाले. ९९ सभासदांच्या पक्षाने मुख्यमंत्रिपद आपल्याहून लहान गटाच्या सदतीस वर्षांच्या तरुणाला द्यावे, याला जनता पक्षातील अनेकांचा विरोध होता, एस. एम. यांच्या संमतीखेरीज ते घडले नसते. या निर्णयाची चिकित्सा झालीच पाहिजे. पक्षांतराच्या पायावर उभे राहिलेले सरकार, राजीनामे देऊन मतदारांकडे परतलेल्या १९४८ च्या समाजवाद्यांच्या वारसाने मान्य करावे, यात विसंगती आहे. मी तिचे समर्थन करीत नाही. जन्मभर विरोधात झिजलेल्या माणसाला आयुष्याच्या संध्याकाळी एक काम सत्तेच्या द्वारे होताना पाहावयाचे होते, आणि ते कोणते काम हे नवव्या दिवशी दिसून आले.

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. मराठवाड्यात आग लागली ती शब्दशः. दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली. नामांतराच्या विरोधात उभे राहिलेल्यांत गोविंदभाई श्रॉफ आणि अनंतराव भालेराव यांच्यासारखे हैदराबाद मुक्तिसंग्रामातील थोर सेनानीही होते, आणि प्रदेशाच्या अस्मितेचा त्यांचा मुद्दा जातिद्वेषातून आलेला नव्हता. परंतु गावोगाव ज्यांनी मशाली पेटविल्या त्यांना असल्या भेदांशी कर्तव्य नव्हते. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचे एस. एम. नामांतराच्या बाजूने उभे राहिले, मराठवाड्यात हिंडले, अपमान सोसले, आणि ठराव मागे घ्यावा या सूचनेला कधीही रुकार दिला नाही. ज्या महाराष्ट्रासाठी त्यांनी जिवाचे रान केले होते त्या महाराष्ट्रातलाच एक भाग आता त्यांच्यावर संतापला होता, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत त्यांना जो शब्द राखता आला होता तो येथे राखता आला नाही. जमाव त्यांचा नव्हता.

फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने पवारांचे सरकार बरखास्त केले. ठराव कागदावर राहिला. पुढील दशकभर नामांतराच्या प्रत्येक मोर्चाच्या, प्रत्येक शिष्टमंडळाच्या पाठीशी एस. एम. यांचे नाव होते. दुखण्याने ग्रासलेल्या काळातही त्यांनी ‘मी एस. एम.’ या आत्मचरित्राखेरीज जे जे लिहिले-बोलले त्यात हा विषय वारंवार येत राहिला. १ एप्रिल १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे १४ जानेवारी १९९४ रोजी झाले. त्या वेळी मुख्यमंत्रिपदावर पुन्हा शरद पवारच होते, आणि ज्या विरोधी पक्षाने १९७८ साली हा ठराव सत्तेत बसून मंजूर करून घेतला होता, तो जनता पक्ष तोवर महाराष्ट्रात नाममात्र उरला होता.